सातव्या गाळ्यातली हाक

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर, एका जिन्याखालच्या खोलीत माझा टायपिंगचा क्लास होता. पाटीवर सासूबाईंचं नाव, 'म्हाळसा टंकलेखन', आणि आत मशीन बडवायला मी. सकाळ-संध्याकाळ पोरं यायची. दुपारी ठेकेदार, सोसायटीवाले, वाटणीवरून भांडणारे भाऊ असे लोक अर्ज टाइप करून घ्यायला यायचे आणि माझ्या तोंडचे दोन शब्दही सोबत घेऊन जायचे. पाशाभाई मुलाणी त्यांतलाच एक. उंच, किडकिडीत, बोलणं हळू. जाताना खुर्ची जागेवर सरकवून जाणारा तो एकटाच.

त्याची एक खोड होती. दिवे गेले की मी पडद्यामागे मेणबत्ती शोधायला जायचे. तो बाहेरून विचारायचा, बाई, हायसा का? मी म्हणायचे, आहे, आहे, थांबा. की हा लगेच पडदा बाजूला करून माझं तोंड बघून जायचा. एकदा मी फाडकन विचारलं, मी काय पळून चालले आहे का. तो ओशाळला. म्हणाला, नुसत्या आवाजावर त्याचा भरवसा राहिलेला नाही. मला वाटलं कानाचं काहीतरी दुखणं असेल, म्हणून पुण्याला एका डॉक्टरचा पत्ताही दिला.

त्याचा धंदा ढापे काढण्या-टाकण्याचा होता. भीमेवर, जिथं अलीकडे आमचा शिरूर तालुका आणि पलीकडे दौंड, तिथं एक कोल्हापुरी बंधारा आहे. नाव लिहीत नाही, उगाच कुणाला लागायला नको. असा बंधारा म्हणजे नदीत ओळीने दगडी खांब, आणि दोन खांबांमधली मोकळी जागा म्हणजे गाळा. खांबांना खाचा असतात. पावसाळा सरला की त्या खाचांतून लोखंडी ढापे, म्हणजे जाड पत्र्याच्या फळ्या, एकावर एक सोडायचे, फटींत चिंध्या आणि चिखल कोंबायचा, की पाणी अडतं. उन्हाळाभर दोन्ही तीरांवरची मळी, म्हणजे काठची गाळाची शेतं, त्यावर हिरवी राहते. पुढचा पाऊस यायच्या आत ते सगळे ढापे परत वर काढायचे. नाही काढले तर नदी खांबांना काही करत नाही. ती बाजूचा मातीचा भराव फोडते आणि कुणाच्या तरी शेतातून वाट काढते.

हे काम ठेक्यावर चालायचं. ठेका एका वर्षाचा. पुढे एकेक वर्ष करून दोनदा वाढवायचा हक्क पाटबंधाऱ्याच्या कचेरीने स्वतःकडे ठेवलेला. वाढवायचा तर मुदत संपायच्या आत पत्र द्यायचं, आणि पत्र आलं की पाशाभाईने नाही म्हणायचं नाही. आता ठेका आहे म्हणून कुणी आपणहून उठून ढाप्याला हात लावायचा, असंही नव्हतं. टाकायचा आदेश वेगळा, काढायचा वेगळा. मुदत मेअखेर संपायची. मेच्या शेवटच्या दिवशी जरी आदेश निघाला तरी काम जूनमध्ये करता यायचं, कारण मुदतीत निघालेला आदेश मुदत संपली तरी पुरा करावाच लागतो. पण मुदतवाढ नसताना जून उजाडला, की मग कुठल्याच साहेबाला नवा आदेश काढता यायचा नाही. हे कलम मी इतक्या वेळा टाइप केलं होतं की बोटं आपोआप चालायची. पाशाभाई मात्र दरवेळी ते मला पुन्हा वाचायला लावायचा आणि ऐकताना दाराकडे बघत राहायचा.

ढापे काढायची रीत अशी. एक माणूस वर, खांबांवरच्या वाटेवर, साखळीपाशी, एक खाली खांबाच्या कडेवर, पाण्याला चिकटून. खालचा माणूस ढाप्याच्या कडीत हूक अडकवतो आणि अंग बाजूला घेतो. वरच्याला खालचं दिसत नाही. म्हणून वरच्याने हाक द्यायची, "हाय का?" आणि खालच्याने उत्तर द्यायचं, "हाय." म्हणजे हूक बसला, मी बाजूला आहे, ओढा. ते उत्तर आल्याशिवाय साखळीला हात लावायचा नाही. गाळा रिकामा झाला की वरच्याने ओरडायचं, "झालं, वर ये." त्या हाकेशिवाय खालचा माणूस जागा सोडत नाही. पाशाभाईच्या बापापासून ही रीत चालत आलेली, आणि साहेब लोकांना ती पोरखेळ वाटायची.

त्र्याण्णवच्या मेअखेरीस खाली अजीम होता. अजीम म्हणजे पाशाभाईचा मेहुणा, धाकट्या बहिणीचा, अकिलाचा नवरा. पट्टीचा पोहणारा, सदा काहीतरी गुणगुणणारा. त्या वर्षी आदेश निघायला उशीर झाला आणि वरच्या अंगाला वळीव कोसळला. नदी तांबडी झाली. शाखेचे साहेब मोटरसायकलवर आले आणि म्हणाले, सुरू करा, कागद मागून येतोच आहे. पाशाभाईने सुरू केलं. सहा गाळे मोकळे झाले. सातव्यात तळचा ढापा राहिला होता, पाणी चढत होतं, साहेब घड्याळ बघत होते आणि लवकर, लवकर म्हणत होते. पाशाभाईने हाक दिली. त्याला उत्तर ऐकू आलं. निदान तो तसं सांगायचा. त्याने साखळी ओढली. ढापा तिरका झाला, आणि ढापा आणि खांब यांच्या मधे अजीम होता.

माणसांनी खाली उतरून त्याला वर आणलं. पाशाभाई साखळी धरून तसाच उभा होता. तळचा ढापा वाकून खाचेत अडकला, तो पुढे कुणालाच निघाला नाही.

आदेश त्याच दुपारी निघाला. पण त्यावर तारीख पडली दुसऱ्या दिवसाची. का पडली हे कळायला टायपिंगची परीक्षा द्यावी लागत नाही. अजीम गेला त्या दिवशी बंधाऱ्यावर सरकारचं कसलंच काम चालू नव्हतं, असं त्या तारखेने ठरवून टाकलं. चौकशीला आलेल्या माणसाने अकिलाला तिच्याच दारात विचारलं, तुझा नवरा तिथं कशाला गेला होता, मासे धरायला का. तो गेल्यावर तिने भावाचा हात धरला आणि आपल्या लेकाच्या, फिरोजच्या डोक्यावर ठेवला. हातात आदेश असल्याशिवाय कुणाच्याही माणसाला खाली उतरवणार नाही, अशी शपथ तिने त्याला घ्यायला लावली.

हे मला तुकड्यातुकड्याने, बऱ्याच वर्षांत कळलं. तेव्हा कुठे पडद्याची गोष्ट डोक्यात शिरली, आणि कानाच्या डॉक्टरचा पत्ता दिल्याची लाज वाटली.

त्याने ते काम सोडावं असं मी दहादा म्हणाले असेन. तो म्हणायचा, दुसरं कुणी तो बंधारा घेत नाही. हेही खरं होतं. सातव्या गाळ्यापाशी कुणी थांबत नसे. धुणं धुणाऱ्या बायका तेवढा दगड सोडून बसायच्या. उन्हाळ्यात वारा पडला की सातव्यातून बोलल्यासारखा आवाज येतो म्हणायच्या. मी म्हणाले, वाकड्या ढाप्याच्या फटीतून पाणी गळतं, त्याचा आवाज. पाशाभाईने मान डोलावली आणि चहा तसाच गार होऊ दिला. मग बशीकडे बघत बोलला.

"सातव्यात मी कुणाला उतरवत न्हाई, बाई. वरचे ढापे लांब हूकनं काढतो. पर सवयीनं तोंडातनं हाक जाती. आन् खालनं उत्तर येतं."

मी विचारलं, काय उत्तर येतं.

"हाय म्हंतो."

मला राग आला. भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जुना आजार आहे. मी म्हणाले, मेल्यावर तरी माणसाला कचेरीच्या कामातून सुट्टी असू द्या. तो म्हणाला, तीच तर मिळाली नाही त्याला. त्या आदेशात सगळे गाळे लिहिले होते, सहाच झाले, सातवा राहिला. आदेशावरची तारीख अजीम गेल्यानंतरची. म्हणजे तो आदेश मेलेल्या अजीमवरच निघाला असणार. माणसाची मुदत संपली तरी आदेश पुरा करावाच लागतो, हे कलम तुम्हीच वाचून दाखवता की, असं म्हणाला. मी मशीनमध्ये नवा कागद घातला आणि उगाच तारीख टाइप केली.

दोन हजार चार सालची गोष्ट. त्याआधीची दोन वर्षं पावसाने दडी मारली होती, माणसं पाण्याला हपापलेली. मे महिन्यात धरणातून पाणी सुटलं आणि बंधारा तुडुंब भरला. दौंडच्या तीरावर, भरावाला लागूनच हौशीरामची मळी. गुलछडी, गवार, थोडी वांगी आणि टोकाला घर. हौशीराम बोलका गडी. खुटबावच्या बाजारात भाजी कमी आणि गप्पा जास्त विकायचा. त्याने चार माणसं जमवली आणि कचेरी गाठली. ढापे काढायचा आदेश आठ दिवस थांबवा, एक पाणी भरून घेऊ द्या. काम करू नका अशी विनंती कचेरीला रोज थोडीच येते? ती लगेच मान्य झाली.

पाशाभाईने एप्रिलमध्ये माझ्याकडून अर्ज टाइप करून नेला होता, मेमध्ये पुन्हा नेला. मुदतवाढ द्यायची असेल तर मुदतीत द्यावी, आणि काढायचा आदेशही मुदतीत काढावा. पण मोठ्या साहेबांची बदली आली होती. त्यांचं लक्ष सामानाच्या ट्रककडे. दोन्ही कागद पुढच्या साहेबांसाठी टेबलावर राहिले. पाशाभाई स्वतः नदीपलीकडे जाऊन हौशीरामच्या हातापाया पडला, की आप्पा, आदेश थांबवू नका, आधी कागद निघू द्या, ढापे मी सावकाश काढतो. हौशीराम हसला. म्हणाला, कागद काय पळून जातोय का. मे संपला, आणि मुदतही संपली.

जूनच्या पहिल्याच आठवड्यात घाटाकडे पाऊस लागला. एका सकाळी हौशीराम माझ्या क्लासात आला तो निथळत. सदऱ्याला गुलछडीच्या पाकळ्या चिकटलेल्या. म्हणाला, बाई, अर्ज टाइप करा, ढापे ताबडतोब काढायचा. मी विचारलं, सही कोण करणार? जुने साहेब गेले, नवे आले नाहीत, आणि आले तरी मुदत गेलेल्या ठेक्यावर आदेश निघत नाही. मग मला राहवलं नाही. आठ दिवस थांबवा म्हणून गेलात तेव्हा माझ्याकडे का नाही आलात, असं विचारलं. आला असता तर हेच मशीन फेकून मारलं असतं, असंही म्हणाले. तो पोरांच्या बाकावर बसला आणि तोंडावर पंचा धरला. भरावाला भेग पडली होती. त्याची बायको धुरपदा घर सोडायला तयार नव्हती.

मी क्लासला कुलूप लावलं आणि त्याला पाशाभाईच्या घरी घेऊन गेले.

पाशाभाई ओट्यावर साखळीला ग्रीस लावत बसला होता. जायचं नाही हे त्याचं ठरलेलं, पण हात ऐकत नव्हते. फिरोज रांजणगावच्या कंपनीतून पाळी संपवून नुकताच आलेला. वीस वर्षांचा झाला होता, आणि बापासारखाच रुंद. अकिला दारात उभी होती. हौशीरामने काही मागितलं नाही, नुसता उंबऱ्याखाली उकिडवा बसला. पाशाभाईच बोलला.

"आप्पा, मुदत संपली. आता त्या बंधाऱ्यावर पाय ठेवायचा मला हक्क न्हाई. उद्या काय झालं, तर माझा मानूस पुन्यांदा मासे धराय गेला व्हता, आसं लिवतील."

फिरोज मधेच म्हणाला, मी उतरतो. पाशाभाईने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो गप्प झाला. मग अकिलाने हौशीरामला विचारलं, तुम्ही इथं काय मागायला आलात, हे तुमच्या घरी ठाऊक आहे का.

"ठाव हाय," हौशीराम म्हणाला. "नका जाऊ म्हनली. त्यांच्या घरचा एक गेलाय आपल्या बंधाऱ्यात, आता कुठल्या तोंडानं जाताय, आसं म्हनली."

अकिला भावाकडे वळली. त्या घरात आपसात आपल्या बोलीत बोलतात, मी ते मराठीत सांगते. ती भावाला म्हणाली, "शपथ मी घातली होती, मीच सोडवते. पण आज मी काठावर उभी राहणार. आणि घाई करायची नाही. जमीन गेली तरी घाई करायची नाही." शेवटचं वाक्य तिने हौशीरामकडे बघून म्हटलं, आणि मराठीत. त्याने मान हलवली.

आम्ही जीपने न्हावऱ्यावरून नदीवर गेलो. पाणी ढाप्यांच्या डोक्यावरून सांडत होतं आणि जलपर्णीचे गठ्ठे खांबांना येऊन तटत होते. पाशाभाईचा जुना साथीदार भैरू आधीच दोर घेऊन आला होता, भांडगावहून हौशीरामच्या भाच्याचा ट्रॅक्टर आला होता. धुरपदा पलीकडून आली आणि अकिलाच्या शेजारी उभी राहिली. धुरपदाने आपलं इरलं अर्धं तिच्या डोक्यावर धरलं.

फिरोज कमरेला दोर बांधून खाली उतरला. पाशाभाईने हाक दिली, खालून उत्तर आलं, आणि तरी पाशाभाईने साखळीला हात लावला नाही. तो कठड्यावरून पालथा वाकला, फिरोजचं तोंड बघितलं, मग उठून ओढलं. प्रत्येक ढाप्याला असं. उत्तर आलं की वाकायचं, तोंड बघायचं, मग ओढायचं. एकेका गाळ्याला दुप्पट वेळ लागत होता. पलीकडे भरावाचा एक लचका सुटला आणि हौशीरामची गुलछडीची कड आमच्या डोळ्यांदेखत पाण्यात गेली. त्याने ओठ दाताखाली धरले. पण लवकर असा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. त्या दिवशी कुणीही घड्याळ बघितलं नाही. हौशीरामवरचा माझा सगळा राग तिथं गेला.

राहिला सातवा. त्यातले वरचे ढापे भैरूने लांब हूकने काढले. पण तळच्या वाकड्या ढाप्यावर जलपर्णी साचून भिंत झाली होती, आणि नदीचा सगळा जोर त्यामुळे दौंडच्या भरावावर जात होता. तो ढापा निघाल्याशिवाय मळी वाचणार नव्हती. पाशाभाईने फिरोजला वर घेतलं. खाली कुणी नाही याची खात्री केली. भैरूने हूक सोडला, तो चाचपडत एकदाचा कडीत बसला. साखळीचं टोक ट्रॅक्टरला बांधलं. आणि पाशाभाईच्या तोंडून सवयीने हाक गेली.

"हाय का?"

मला पाण्याचा आवाज ऐकू आला. मी तेवढंच सांगू शकते. भैरूने दोर सोडला आणि दोन पावलं मागे झाला. अकिलाला काय ऐकू आलं ते तिलाच ठाऊक. पण तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली, घरात आपलं माणूस आलं की करतात तशी. पाशाभाईने दोन्ही हात वर करून ट्रॅक्टर थांबवला.

"वढू नका. खाली मानूस हाय."

हौशीराम म्हणाला, पाशाभाई, सगळी माणसं वर आहेत. पाशाभाईने मान हलवली. म्हणाला, सगळी नाहीत. पलीकडे भराव खचत होता आणि साखळी ताणलेली तशीच होती. शपथ सुटली होती, पण खालून उत्तर आलेलं असताना, आणि तोंड दिसत नसताना, तो हात खाली करणार नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही केला नसता.

तेव्हा अकिला पुढे झाली. ओल्या दगडांवरून अनवाणी, भैरूने दिलेला हातही न धरता. सातव्या गाळ्याच्या कठड्यापाशी ती थांबली आणि खाली वाकली. आवाज चढवला नाही. जेवायला बोलवावं इतक्या साध्या आवाजात बोलली.

"ऐकलं का? फिरोज मोठा झाला. गाळे सगळे झाले. काम झालं. आता वर या."

धुरपदाने तोंडाला पदर लावला होता. फिरोज आपल्या आईकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला अजून झोपेत दिसतं. मग अकिला भावाला म्हणाली, आता हाक दे.

पाशाभाईने हाक दिली. उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा दिली, सगळ्या अंगाचा जोर लावून. नुसतं पाणी. "आले ते वर," अकिला म्हणाली. "ओढ." त्याने हात खाली केला. ट्रॅक्टर गुरगुरला, साखळी करकरली, आणि गंजून काळा पडलेला, मधोमध वाकलेला तो ढापा इतक्या वर्षांनी वर आला. त्याच्यामागून नदी मोकळी झाली. भराव राहिला, घर राहिलं, मळीचा बराचसा तुकडा राहिला.

यापुढचं सांगताना माझं डोकं फिरतं. नवे साहेब हजर झाले. विनाआदेश ढापे निघाले म्हणजे चौकशी आली, आणि चौकशी कुणालाच नको होती. मग मुदतवाढीचं पत्र आणि काढायचा आदेश, दोन्ही कागद निघाले, आणि दोन्हींवर मेच्या शेवटच्या दिवसाची तारीख. सगळं काम मुदतीतलं झालं. अजीमसाठी तारीख पुढे गेली होती, ढाप्यांसाठी ती मागे आली. पाशाभाईने ते कागद माझ्या टेबलावर ठेवले आणि हळूच विचारलं, बाई, तारीख मागं नेता येते म्हणजे. मग अजीमच्या आदेशाची एक दिवस मागं नेतील का? बाकी काही नको. तो कामावर गेला होता, एवढं लिहून आलं तर अकिलाच्या दारातला तो प्रश्न मिटेल.

मी आयुष्यात इतक्या जपून कुठला अर्ज टाइप केला नाही. उत्तर आलं, ते एका ओळीचं. सदर ठेक्याची मुदत यापूर्वीच संपली असल्याने त्यात बदल करता येत नाही. मी ते वाचलं आणि मशीनवर मूठ आपटली. एक अक्षर वाकलं ते पुढे कायम वाकडंच उमटायचं. पाशाभाई रागावला नाही. त्याने खुर्ची जागेवर सरकवली आणि गेला.

वाढवलेलं वर्ष त्याला पुरं करावंच लागलं, नाही म्हणायचा हक्क त्याला नव्हताच. दोन हजार पाचच्या मेमध्ये आदेश वेळेत निघाला. हौशीराम स्वतः कचेरीत ठाण मांडून बसला होता, सही होईपर्यंत उठला नाही. सातव्या गाळ्यात आता नवा, सरळ ढापा होता, त्यामुळे तिथं माणूस उतरवणं भाग होतं. फिरोज उतरला. अकिला काठावर होती, मी तिच्या शेजारी. आदेश पाशाभाईच्या खिशात.

त्याने हाक दिली. उत्तर येईपर्यंत तो कान देऊन उभा होता, आणि मला कळलं की इतकी वर्षं ज्या आवाजाला तो भ्यायला, त्याचीच तो वाट बघतो आहे. खालून उत्तर आलं. पाशाभाई वाकला. खाली फिरोज भिजलेल्या तोंडाने हसत होता.

"मामा, मीच हाय. वढा."

ढापा वर आला. गाळा रिकामा झाला. पाशाभाई ओरडला, "झालं, वर ये," आणि फिरोज दोर धरून वर आला, अंग पुसत आईजवळ जाऊन उभा राहिला. भैरू साखळी गुंडाळू लागला. पाशाभाई मात्र कठड्यापासून हलला नाही. तो पुन्हा वाकला, आणि रिकाम्या गाळ्यात, जरा खालच्या आवाजात, पुन्हा एकदा म्हणाला, "झालं, वर ये."

अकिला त्याच्याजवळ गेली. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, ते तर गेल्या वर्षीच आले, भाई.

"म्हाईत हाय," पाशाभाई म्हणाला. "पर हाक मी द्यायची व्हती. माझी ऱ्हायली व्हती."